कवळीसाठी उठलेली बाई

मंगळवार पेठेतल्या चन्नम्माने उभ्या आयुष्यात पंधरा-वीस सिनेमे पाहिले असतील, त्यातले निम्मे देवाचे. पण एक सिनेमा तिला तोंडपाठ होता, आणि तो होता मेलेली माणसं थडग्यातून उठून गावभर हिंडतात, असला. परदेशातला, हिंदीत बोलणारा, आणि वर हसवणारा. २००३ च्या उन्हाळ्यात पेठेतल्या केबलवाल्याकडे दुपारी लावायला दुसरं काही नव्हतं की काय कोण जाणे, दर तीन-चार दिवसांनी तो हाच लावायचा. सिनेमाचं खरं नाव चन्नम्माला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पाट्या इंग्रजीत होत्या. घरात त्याला मढ्यांचा पिच्चर म्हणत.

चन्नम्मा असलं काही बघेल असं तिच्याकडे पाहून कुणाला वाटलं नसतं. सत्तावन्न वर्षांची बाई. पहाटे पाचला अंघोळ, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा. लिंगायत घरात लिंग गुरूच्या हातून मिळतं, ते जन्मभर गळ्यात राहतं, आणि माणूस गेलं की त्याचं लिंग त्याच्याच तळहातावर ठेवून त्याला बसवून पुरतात. चन्नम्माचं लिंग चांदीच्या डबीत आणि डबी गळ्यातल्या दोऱ्याला. पूजेआधी चहाचा घोट नाही, सोमवारी एकवेळचं जेवण, आणि संध्याकाळी दिवा लावला की वहीत चार ओळी. वही म्हणजे दरवर्षी दुकानात येणारी खताच्या कंपनीची डायरी. आज तिथी कुठली, बेल कुणी आणून दिला, भाजी काय केली, कोण येऊन गेलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासूनच्या डायऱ्या एका पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि त्या कधी कुणी उघडून पाहिल्या नव्हत्या.

दुकान तिचे यजमान भरमाप्पा यांचं, खतांचं आणि बियाण्यांचं. गिऱ्हाईक सगळं शिरोळकडचं, उसाचं. मोठ्या आवाजाचा माणूस. समोरच्याला पाठीत थाप मारल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. जानेवारीत त्यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवलं, आणि कसल्याशा मशिनीत घालायच्या वेळी तिथल्या माणसाने गळ्यातला दोरा कापून डबी चन्नम्माच्या हातात दिली. तिने लगेच मठात अय्यांना फोन लावला. अय्या म्हणजे त्यांच्या घराण्याचे जंगम गुरू, पंच्याहत्तरी ओलांडलेले. नवऱ्याचं लिंग बायकोने पूजावं का, असं तिने विचारलं. अय्या म्हणाले, त्याची पूजा चुकण्यापेक्षा तू कर.

मग अकरा दिवस तिने दोन पूजा केल्या. आधी त्यांची, मग स्वतःची. दोन्ही डब्या लग्नाच्या वर्षी हुपरीत एकाच माणसाने घडवलेल्या, जुळ्या. तिची तेवढी एका कडेला चेपलेली. बाराव्या दिवशी सकाळी दोन्ही लिंगं बेलपानावर ठेवून ती विभूती लावत असताना फोन वाजला. मुलगा बसवेश दवाखान्यातून बोलत होता. अव्वा, आहेस तशी ये, एवढंच म्हणाला. चन्नम्माने दोन्ही लिंगं दोन डब्यांत घातली, एक डबी गळ्यात अडकवली, दुसरी कमरेच्या पिशवीत टाकली, आणि ती रिक्षात बसली.

दुपारी भरमाप्पांना घरी आणलं आणि संध्याकाळी नेलं. त्यांची डबी चन्नम्मानेच अय्यांच्या हातात दिली. अय्यांनी ती उघडली, लिंग भरमाप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, बोटं मिटवली, वरून फडकं बांधलं. आत बेल आणि विभूती भरली आणि माती लोटली.

लिंगायतांत सुतक धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चन्नम्मा नेहमीसारखी पूजेला बसली. चेपलेली डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं. तिच्या लिंगाच्या बुडाला एक सपाट जागा होती, डोळ्यांना न दिसणारी पण बोटाला कळणारी. ती कशी पडली हे तिला माहीत नव्हतं, पण वीस-बावीस वर्षं पूजेत तिचा अंगठा त्याच जागी जाऊन टेकायचा. त्या दिवशी अंगठा टेकला आणि घसरला. तिने लिंग फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं. सपाट जागा कुठेच नव्हती.

म्हणजे गळ्यात राहिलं ते भरमाप्पांचं, आणि तिचं स्वतःचं त्यांच्या मुठीत, मातीखाली.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगून काय व्हायचं होतं? बसवेश म्हणाला असता, अव्वा, जाऊ दे. अय्या काय म्हणतील याची तर कल्पनाच नको. उकरा म्हणाले तर? ज्याला अकरा दिवस नळ्या लावून छळलं, त्याला पुन्हा बाहेर काढायचं? आणि न उकरावं, तर तो माणूस दुसऱ्याचं लिंग हातात घेऊन बसलाय, त्याने पुढे जायचं कसं? ती रोज भरमाप्पांच्या लिंगाची पूजा करत राहिली, पाहुण्याचं करावं तशी, जरा बिचकून. वहीत त्या दिवसाखाली तिने फक्त लिहिलं होतं, 'पूजा झाली. अंगठा टेकला नाही.'

अशात चैत्रातल्या एका दुपारी केबलवर तो सिनेमा लागला.

शेजारची राजमती तेव्हा गहू निवडायला म्हणून येऊन बसली होती. राजमती जैन, भिंतीला भिंत लागून घर, पस्तीस वर्षांचा शेजार. दिवस मावळायच्या आत जेवणारी आणि दिवस मावळेपर्यंत बोलणारी. पडद्यावर मातीतून हात वर आला तशी ती चॅनल बदल म्हणाली. चन्नम्मा म्हणाली, थांब जरा.

गोष्ट साधी होती. एका डोंगराळ गावात सोडा-बाटल्यांच्या कारखान्याचं पाणी दफनभूमीत मुरतं आणि मंगळवारी सकाळी मढी उठून चालायला लागतात. तावडीत सापडेल त्याला चावतात. गावात एक जाडा न्हावी असतो. त्याच्या ध्यानात येतं की मढ्यांना जित्तेपणीची एक खोड राहून गेली आहे. दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की मढी निमूट त्यांच्या मागे रांग लावतात. मग पावाच्या दुकानापुढे मढ्यांची रांग, बसथांब्यावर रांग. मध्येच कुणी घुसलं तर मागचं मढं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला शेवटाला धाडतं. शेवटी न्हावी स्वतः पहिला उभा राहतो आणि पाऊल-पाऊल सरकत सगळ्या रांगेला दफनभूमीत नेऊन सोडतो.

रांगेवर राजमती इतकी हसली की सुपातले गहू सांडले. मेलेली असून केवढी शिस्त, आपल्याकडं रॉकेलच्या रांगेत जित्ती माणसं मढ्यांपेक्षा वाईट वागत्यात, असं तिचं म्हणणं पडलं. न्हाव्याने एका मढ्याच्या डोक्यात खुर्ची घातली तेव्हा मात्र तिने डोळे मिटून घेतले, आणि मेलेल्याला मारलं तर ती हिंसा धरायची की नाही, यावर दोघींचं बराच वेळ चाललं. चन्नम्माच्या मते मारणाऱ्याचा हात उठला की झाली हिंसा, समोर कोण आहे ते नंतर. राजमतीला ते पटलं, आणि एका लिंगायत बाईकडून ते ऐकावं लागलं याचं थोडं वाईटही वाटलं.

"आमच्यात हे भ्याच न्हाय बघ," राजमती म्हणाली. "आम्ही जाळतो. राख काय रांगेत उभी राहती व्हय? तुमचीच तेवढी उठायची."

"आमची बसवून पुरत्यात," चन्नम्मा म्हणाली. "उठायला आधी गुडघं सरळ व्हायला पायजेत. ह्यांचं तर जित्तं असतानाच होत नव्हतं."

राजमती पुन्हा हसली. चन्नम्मा हसली नाही, कारण तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात होतं. हिरवा स्वेटर घातलेली एक म्हातारी, तीही मढंच, रांग सोडून एकटीच गल्लीत वळली होती.

सिनेमा दुसऱ्यांदा लागला तेव्हा चन्नम्माने फक्त त्या म्हातारीवर डोळा ठेवला. म्हातारी सबंध सिनेमात तीनदा दिसायची, तीही सगळी गडबड पुढे चाललेली असताना मागे. पहिल्यांदा ती वळते. दुसऱ्यांदा एका घराचं दार ढकलून आत जाते, घरची माणसं किंचाळत माडीवर पळतात, आणि खाली ती कपाटातले खण उपसत बसते. तिसऱ्यांदा, अगदी शेवटाला, रांग दफनभूमीत शिरते तेव्हा ती आधीच येऊन आपल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली असते. वहीत त्या दिवशी लिहिलं गेलं, 'सोमवार. बेल राजमतीच्या परसातला. दोडक्याची भाजी. मढ्यांचा पिच्चर. रांगेत तेवीस. हिरवी म्हातारी रांगेत नाही. ती चावत का नाही?'

चौथ्या वेळी उत्तर सापडलं. म्हातारीचं तोंड बोळकं होतं. खणातून ती काढते ती तिची कवळी. बाई मेली तेव्हा घरच्यांनी कवळी खणातच ठेवून तिला पुरली होती. ती कवळी तोंडात बसवते, दात दोनदा वाजवून बघते, आणि माडीवरची माणसं आता ही चावणार म्हणून गोधडीत तोंड लपवतात. ती खण लावून घेते, दार ओढून घेते, आणि जाते.

तिथे हसायचं होतं हे चन्नम्माला कळत होतं. तिला हसू आलं नाही. तिने विचार केला की बाकी सगळी मढी सोड्याच्या पाण्यामुळे उठली, ही एकटी कामासाठी उठली. तिची वस्तू चुकून मागे राहिली होती. ती मिळाल्यावर तिला न्हावी लागला नाही, रांग लागली नाही, ती आपल्या पायांनी परत गेली. सिनेमा काढणाऱ्याकडून हे नकळत झालं होतं की त्याने मुद्दाम कोपऱ्यात घातलं होतं, यावर तिने आठवडाभर विचार केला, आणि मुद्दामच, असं ठरवलं. कारण म्हातारी खण लावून घेते. नुसतं हसवायचं असतं तर उघडाच टाकला असता.

मग सिनेमा लागला की चन्नम्मा हातातलं काम सोडायची. भारनियमनात वीज गेली तर तिचा जीव वर-खाली व्हायचा. केबलवाल्याने पावसाळ्यात तो लावायचा बंद केला, तेव्हा तिने राजमतीच्या मुलाला, अनेकांतला, गळ घातली, आणि त्याने सिनेमाची दोन चकत्यांची सीडी आणून दिली. दुसऱ्या चकतीवर ओरखडा होता. म्हातारीने खणात हात घातला की चित्र तिथेच थबकायचं, चौकटी-चौकटी व्हायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं ते थेट दफनभूमीत. चन्नम्माला ते चाललं. मधलं तिला पाठ होतं.

सून प्रेरणा शाळेत शिकवायची. समजूतदार मुलगी, पण सासरा जाऊन वर्ष झालेलं नाही आणि सासू मेलेल्यांचा सिनेमा विसाव्यांदा बघते, हे तिला बरं वाटेना. एके दिवशी गॅसचा नंबर कधी लावला ते बघायला म्हणून तिने फळीवरची डायरी उघडली, आणि तिच्या नजरेला पडलं, 'बाई आज पुन्हा दारातून आत आली. यांना यायचं तर खण कुठला उघडतील? वस्तू तर माझ्या गळ्यात.'

प्रेरणाने डायरी मिटून जागेवर ठेवली. तिने बसवेशला सांगितलं, बसवेश म्हणाला, दुकानातून आल्यावर बोलतो, आणि बोलला नाही. तेव्हा ती स्वतःच मठात गेली आणि अय्यांना सगळं सांगून आली, वहीतल्या ओळीसकट.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी अय्या पाद्यपूजेला घरी आले. पूजा झाली, फराळ झाला, आणि निघायच्या वेळी ते उठले नाहीत. काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "चन्नम्मा, तुझा तो पिच्चर लाव बघू."

चन्नम्माने सुनेकडे पाहिलं. सून स्वयंपाकघरात गेली. आता गुरूने सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? सीडी लागली. अय्या भगव्या कफनीत खुर्चीवर मांडी घालून बसले आणि चन्नम्मा खाली पाटावर बसून कुठलं मढं कोण ते सांगत राहिली. रांगेच्या जागी अय्या हसले, पोट हलेपर्यंत हसले, आणि मठातल्या प्रसादाच्या वेळी असा एखादा न्हावी पाहिजे होता म्हणाले. दुसरी चकती लागली. म्हातारी घरात शिरली, खणापाशी वाकली, हात आत घातला, आणि चित्र थबकलं.

"काय काढती ती?" अय्यांनी विचारलं.

चन्नम्माने कवळीचं सांगितलं. घरच्यांच्या हातून मागे राहिली होती, ती न्यायला आली, मिळाली तशी गेली. सांगता सांगता ती थांबली. पडद्यावर म्हातारी तशीच हात खणात घालून वाकलेली, चौकटी-चौकटींची. मग चन्नम्माने त्या सकाळचा फोन, दोन डब्या, बेलपानावरची दोन लिंगं, सगळं एका दमात सांगून टाकलं. रडली नाही. किराणा सांगावा तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्यांच्या हातात त्यांचं न्हाय, अय्या. माझ्या हातनं चुकलंय. आता काय करायचं ते सांगा."

अय्यांनी तिच्या गळ्यातल्या डबीकडे पाहिलं. मग त्यांनी आपला उजवा अंगठा वर धरला.

"तुझ्या लिंगाला बुडात चपटी जागा हाय. हाय का न्हाय?"

चन्नम्मा बघतच राहिली. त्या जागेचं ती आत्ता बोलली नव्हती. आजवर कुणाजवळच बोलली नव्हती.

अय्यांनी सांगितलं, तुझं माहेर शिरोळचं, एका पुरात तू तिथं अडकली होतीस आणि लिंगावरचा काळा लेप भिजून सुटला होता. तो मीच मठात पुन्हा चढवला. ओला असताना उचलायची घाई केली, अंगठा उमटला. पुन्हा करायला पाहिजे होतं, पण तू दारात उपाशी बसली होतीस, लिंग मिळाल्याशिवाय पाणी घेईना. म्हणून तसंच दिलं.

"भरमाप्पाच्या तळहातावर ठेवताना माझ्या बोटाला माझाच अंगठा लागला," अय्या म्हणाले. "मला तवाच कळलं, हे तुझं."

"मग तवा बोलला का न्हाईसा?"

"मला वाटलं, तूच दिलंस. अकरा दिवस दोघांची पूजा केलीस, म्हंटलं, बाईनं जाणूनबुजून आपलं त्याला दिलं आणि त्याचं आपल्याकडं ठेवलं. नवरा-बायकोच्या मधे मी कशाला बोलू?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"ती म्हातारी आपली वस्तू मागं राहिली म्हणून आली," अय्या काठी हातात घेत म्हणाले. "भरमाप्पाच्या हातात तुझी वस्तू हाय. तो कशाला येतोय? तू जाशील तवा त्याचं घेऊन जा. अदलाबदल तिकडं करा काय ती. मला मधे घेऊ नका."

चन्नम्माने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. अय्यांनी विभूती लावली आणि उरलेला सिनेमा बघून जायचं म्हणाले, न्हाव्याचं पुढे काय होतं ते त्यांना बघायचं होतं. चित्र आपोआप सुटलं, थेट दफनभूमीत आलं, आणि अय्या शेवटपर्यंत बसून होते.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं गेलं, 'श्रावण सोमवार. अय्या आले. वरईचा भात. सांगितलं.' दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेला तिने लिंग तळहातावर घेतलं आणि अंगठ्याला टेकायला जागा शोधली नाही. जिथे पडला तिथे राहू दिला.

पुढे नवरात्रात केबलवाल्याने तो सिनेमा एकदा पुन्हा लावला. राजमती भिंतीवरून हाक मारूनच आली. दोघी शेंगा फोडत बसल्या. रांग लागली, बसथांबा आला, खुर्ची आली आणि राजमतीने डोळे मिटले. हिरवी म्हातारी गल्लीत वळली, तरी चन्नम्मा शेंगाच फोडत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "न्हावी बरा हाय की दिसायला. जरा जाडा हाय, पण बरा हाय."

राजमतीने तिच्याकडे वळून पाहिलं. "तीसदा बघितलास ह्यो पिच्चर आणि आज न्हावी दिसला व्हय तुला? इतके दिवस बघत कुणाला होतीस?"

"म्हातारीला," चन्नम्मा म्हणाली. "तिचं काम झालं."